नवीन वकिलांनी ओळखी कशा वाढवायच्या आणि त्यातून काम कसं येतं

सनद मिळाली, एआयबीई म्हणजे बार कौन्सिलची परीक्षा पास झाली, कोट शिवून झाला, दोनतीन वर्षं सिनियरच्या फायली उचलून झाल्या आणि मग एके दिवशी स्वतःचं टेबल टाकलं, की पहिल्याच आठवड्यात कळतं की कायदा येणं वेगळं आणि पक्षकार येणं वेगळं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात १४ वर्षं प्रॅक्टिस करतेय. घरात वकील कुणी नव्हतं, वडील एसटीत होते, त्यामुळे तयार गिऱ्हाईक वगैरे प्रकार नाही. ज्युनियर मुलं-मुली सारखं विचारतात की मॅडम काम कसं मिळवायचं, प्रत्येकाला चहा पीत पीत तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मोठ्या शहरातल्या लॉ फर्मवाल्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही, त्यांनी सोडून द्या.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं समजेल. पहिली पाच वर्षं तुम्हाला काम पक्षकार देत नाही, दुसरे वकील देतात. पक्षकार नंतर देतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी दोन वर्षं भलत्याच दारांवर उभी होते.

सगळ्यात आधी: काय करायचं नाही ते वाचा

आपला धंदा इतरांसारखा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमधला नियम ३६ एकदा स्वतः वाचा, अर्ध्या पानाचा आहे. वकिलाने काम मागायचं नाही आणि जाहिरात करायची नाही, थेट पण नाही आणि आडून पण नाही, पत्रकं वाटून नाही, दलाल लावून नाही, ओळख नसलेल्या माणसाला जाऊन भेटून नाही, आपण चालवत असलेल्या केसच्या बातमीत स्वतःचा फोटो छापून आणून नाही. पाटी सुद्धा बेताची हवी, आणि पाटीवर किंवा लेटरहेडवर मी अमुक संघटनेची अध्यक्ष, मी अमुक कामाची स्पेशालिस्ट असं लिहायचं नाही.

माझी पहिली चूक इथेच. स्वतःचं टेबल टाकल्या टाकल्या ५०० कार्डं छापली, खाली ठळक अक्षरात 'घटस्फोट व पोटगी प्रकरणांचे तज्ज्ञ', आणि मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत वाटली. आमच्या सरांच्या हातात त्यातलं एक आलं. ते काही ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचं कार्ड?" उरलेल्या कार्डांच्या मागे मी वर्षभर तारखा लिहिल्या.

२००८ मध्ये एक सवलत मिळाली, स्वतःच्या वेबसाइटवर ठरलेली माहिती टाकता येते: नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कुठल्या राज्याची बार कौन्सिल, शिक्षण, आणि कुठल्या प्रकारची कामं करता ते. बास. 'शंभर टक्के जामीन' असली वाक्यं नाहीत, पक्षकारांचे अभिप्राय नाहीत. जस्टडायल, सुलेखासारख्या साइटवर वकील शोधून देण्याचा जो प्रकार चालतो त्यावर २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने कडक आदेश दिला आणि लगेच बार कौन्सिलनेही राज्यांना कारवाई करायला सांगितलं, तेव्हा कुणी फोन करून 'मॅडम महिन्याला इतके लीड देतो' म्हणालं तर फोन ठेवा. तक्रार झाली तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, सनद निलंबन किंवा थेट वकिलांच्या यादीवरून (रोलवरून) नाव काढणं, इथपर्यंत जातं.

आणि हे नुसतं कागदावर नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण कॉलेजात पाठ केलं असेल, मुंबईत मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकार दिसला की वकील धावत जाऊन त्याला ओढायचे, फी पाडून एकमेकांची कामं पळवायचे, हातघाईवर यायचे असा आरोप होता, १९७५-७६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. परीक्षेपुरतं वाचून सोडून देऊ नका. आजही कुठल्याही कोर्टाच्या गेटवर रिमांडच्या वेळेला दहा मिनिटं उभं राहून बघा.

आता तुम्ही म्हणाल, मग ओळखी करायच्या तरी कशा? तर नियम काम मागायला बंदी घालतो, माणसांशी बोलायला नाही. तुम्ही काम मागायचं नाही, लोकांना तुमचं नाव दुसऱ्याला सांगावंसं वाटलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याला नंतर तोंड लपवावं लागू नये, इतकंच.

पहिलं काम: बार रूममध्ये बसा

बसा म्हणजे खरंच बसा. कितीतरी ज्युनियर पुकारा झाला की तारीख घेऊन गाडीला किक मारतात. सकाळी साडेदहाला या आणि कोर्ट उठेपर्यंत आवारात राहा, काम असो नसो. काम नसेल तर दुसऱ्या कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐका. याचा फायदा असा, की दुपारी पावणेतीनला एखाद्या सिनियरची दोन कोर्टात एकदम वेळ येते आणि तो बार रूमच्या दारात येऊन ओरडतो, "अरे तिकडे कुणीतरी पासओव्हर मागा रे!" म्हणजे मॅटर थोड्या वेळाने घ्या अशी कोर्टाला विनंती करा. तेव्हा जो खुर्चीत असतो तो उठतो. माझं सुरुवातीचं जवळपास सगळं काम या एका ओरडण्यातून आलंय.

दुसऱ्याच्या मॅटरमध्ये नुसती तारीख घ्यायला उभं राहायचं असलं तरी तीन गोष्टी करायच्या. उभं राहण्याआधी मागचा रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायचा, म्हणजे न्यायाधीश साहेबांनी "मागच्या वेळी शेवटची संधी दिली होती ना?" विचारलं तर तोंडाचा आ होत नाही. पक्षकार हजर असेल तर त्याला सांगायचं की तुमच्या वकील साहेबांनी मला पाठवलंय, स्वतःचा नंबर द्यायचा नाही, तो मागेल तरी नाही. आणि तिसरं, त्याच दिवशी कळवायचं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि दहातले आठ जण ते करत नाहीत.

माझाच किस्सा सांगते. स्वतंत्र झाल्यावर तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका वकिलांनी माझ्याकडे चेक बाउन्सच्या चार केसेस दिल्या, त्यांचा पक्षकार व्यापारी होता आणि त्याची माणसं आमच्या तालुक्यात. मी प्रत्येक तारखेला उभी राहिले, काम चोख केलं, पण कळवायचं राहून जायचं. आज सांगू उद्या सांगू. एका तारखेला आरोपी गैरहजर होता, वॉरंट निघालं, चांगली बातमी होती, ती पण मी आठवडाभर सांगितली नाही. त्यांना ती पक्षकाराकडून कळली. म्हणजे पक्षकार वकिलाला विचारतोय की साहेब वॉरंट निघालं का, आणि वकिलाला माहीतच नाही. त्यांनी भांडण केलं नाही, त्या चार केसेस संपल्या आणि पाचवी कधी आली नाही. आता तर ई-कोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख कुणालाही दिसते, तेव्हा नुसती तारीख कळवून पण भागत नाही, कोर्टात काय झालं ते लागतं.

मी आता हे असं पाठवते, संध्याकाळी सहाच्या आत (निशाणी ५ म्हणजे दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज):

"नमस्कार सर. आज निशाणी ५ वर युक्तिवाद होता. साहेब रजेवर, इन्चार्ज कोर्टाने १७ तारीख दिली. समोरच्यांनी यादीने पाच कागद दाखल केले, फोटो पाठवते. त्यातला ३ नंबरचा फेरफार बघून घ्या, तो आपल्या वाटपपत्रानंतरचा आहे. पक्षकार हजर होते, त्यांना तारीख सांगितलीय."

शेवटून दुसरं वाक्य बघा. तो फेरफार बघा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कागद हातात आला, वाचला, खटकलं, कळवलं. हे एक वाक्य वाचून समोरच्या सिनियरला कळतं की ही नुसती तारीख घेणारी नाही. पुढच्या वेळी तो निशाणी ५ चा युक्तिवादच तुम्हाला करायला सांगतो.

बार रूममधल्या नात्याला एक पथ्य आहे. कुणाचं वकीलपत्र आधीच दाखल असलेल्या मॅटरमध्ये पक्षकार वैतागून तुमच्याकडे आला, तर आधीच्या वकिलाची संमती घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. नियम ३९ पण तेच सांगतो, संमती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी. पण नियम सोडा, मी आधी स्वतः फोन करते, "सर, तुमचा पक्षकार आलाय, काय भानगड आहे?" निम्म्या वेळा कळतं की तो फी बुडवून आलाय. मग तुमची पण बुडवणारच आहे. आणि सर लक्षात ठेवतात की हिने फोन केला होता.

मुलींसाठी जरा वेगळं बोलते. पुरुष वकिलांच्या ओळखी संध्याकाळी टपरीवर, क्रिकेटच्या टुर्नामेंटला, आणि शनिवारी रात्री कुठेतरी मटणाच्या जेवणाला होतात, तिथे आपल्याला बोलावत नाहीत आणि बोलावलं तरी प्रत्येकीला जमतं असं नाही. मला बरीच वर्षं वाटायचं आपण मागे पडतोय. पण दिवसा कामात दिसणं हे त्या जेवणापेक्षा जास्त टिकतं असा माझा अनुभव. आणि लेडीज बार रूमला कमी लेखू नका, आमच्याकडे डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचाराची आणि पोटगीची कितीतरी कामं त्या एका खोलीत इकडून तिकडे जातात, कारण नवऱ्याचं काम एकीकडे आलं की बायकोचं ती घेऊ शकत नाही, मग ती कुणाला पाठवणार? समोर डबा खात बसलेल्या तुम्हालाच.

गावाबाहेरचे वकील

इथे नवीन माणसाला सगळ्यात जास्त वाव आहे आणि इकडे कुणी बघतच नाही. मुंबई-पुण्याच्या वकिलाला तालुका कोर्टात माणूस लागतो, दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी) इकडे वर्ग होऊन आली, नकला काढायच्यात, बेलिफाबरोबर जप्तीला जायचंय, जमिनीचा सर्च म्हणजे जुन्या नोंदींचा शोध घ्यायचाय. त्यासाठी तो स्वतः दोनशे किलोमीटर गाडी चालवत येणार नाही.

आमच्याकडे तर आता मोठा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे. आधी अपील, रिट सगळं मुंबईला जायचं, आणि मुंबईतले ठरलेले वकील ठरलेल्या सिनियरांकडे. आता ती जुनी साखळी विस्कटलीय. कोल्हापुरात ज्यांनी नवीन ऑफिसं थाटलीत त्यांना प्रत्येक तालुक्यातून काम पाठवणारा माणूस हवाय, आणि तालुक्यातल्या वकिलाला कोल्हापुरात विश्वासाचं कुणीतरी हवंय. माझ्या मते अशी संधी एका पिढीत एकदाच येते. ज्युनियर असाल तर हायकोर्टाचं मॅटर तुमच्या नावावर यायची वाट बघू नका, त्या साखळीतलं खालचं टोक व्हा. खालच्या कोर्टाच्या सर्टिफाइड नकला वेळेत काढून देणं, पक्षकाराला गाडीत बसवून प्रतिज्ञापत्रावर सहीला नेणं, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. शेवटचं ज्याला येतं त्याला मरण नाही, कारण सातबारा, फेरफार, जबाब, पंचनामा सगळं मराठीत आणि हायकोर्टाचं काम इंग्रजीत. 'पोटखराबा'ला, म्हणजे जमिनीतल्या लागवडीला न येणाऱ्या भागाला, इंग्रजीत काय म्हणायचं हे मुंबईच्या पोराला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

सुरुवात कशी करायची? कॉलेजच्या बॅचची यादी काढा, कोण कुठल्या कोर्टात आहे ते लिहा. फोन करून काम मागू नका, फक्त सांगा की मी अमुक तालुक्याला आहे, तुझ्याकडे इकडचं काही निघालं तर विचार. आणि तुमच्याकडे त्याच्या गावचं काही निघालं तर आधी तुम्ही पाठवा. पहिलं काम आपण द्यायचं, मग फोन करायला तोंड राहतं. मी सोलापूरला एका मैत्रिणीकडे साधं वारस दाखल्याचं काम पाठवलं होतं, त्या एका कामाच्या बदल्यात आजवर तिच्याकडून किती आलं ते मी मोजणं सोडून दिलंय.

ज्यांच्या टेबलावर भांडण आधी येतं ते लोक

माणूस वकिलाकडे शेवटी येतो. त्याआधी तो सीएकडे जातो, दस्त लिहिणाऱ्याकडे जातो, मोजणीवाल्याकडे, आर्किटेक्टकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, बँकेच्या शाखेत, गावकामगार तलाठ्याकडे. या लोकांना तुम्ही माहीत असणं गरजेचं आहे, पण त्यांच्याकडे जाऊन 'काम पाठवा' म्हणणं म्हणजे परत नियम ३६.

मी काय करते, मी त्यांना प्रश्न विचारायला जाते. खरेच प्रश्न. सीएला, एखाद्या भागीदारी पेढीच्या वादात ताळेबंद कसा वाचायचा. मोजणीवाल्याला, हद्द कायम करण्याच्या नकाशात आणि जुन्या गटबुकात फरक का पडतो. माणसाला स्वतःच्या कामाबद्दल बोलायला आवडतं, आणि जाताना तोच म्हणतो, मॅडम, माझ्या एका क्लायंटचा असाच घोळ आहे. पुढे तुम्ही त्यांच्या अडचणीला उपयोगी पडा. दस्त लिहिणारे काका मला अधूनमधून फोन करतात, "बाई, अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा हिस्सा आहे, आई सही करतेय, चालेल का?" मी पाच मिनिटांत सांगते की हिंदू अज्ञान पालकत्व कायद्यात कोर्टाची परवानगी कधी लागते, एकत्र कुटुंबाचं वेगळं काय. पैसे घेत नाही. ते काका माझं नाव किती जणांना सांगतात ते मला माहीत नाही, विचारलं पण नाही.

शहराकडे असाल तर सोसायट्यांचं काम बघा, मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर करून देत नसेल तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेणं), थकबाकी वसुली, रिडेव्हलपमेंटची सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ ची प्रक्रिया, बिल्डरविरुद्ध महारेराकडच्या तक्रारी. एका सोसायटीचं काम नीट झालं की शेजारच्या तीन सोसायट्यांचे सेक्रेटरी आपोआप कळतात, कारण हे लोक रोज सकाळी एकत्र चालायला जातात!

आता पैशाचं. कधी ना कधी कुणीतरी विचारणारच, "माझं काय?" मला एका एजंटने विचारलं होतं, अपघाताची केस आणून देतो, निम्मं निम्मं. त्या महिन्यात माझ्याकडे ऑफिसचं भाडं द्यायला पैसे नव्हते, हे खरं सांगते. नाही म्हणाले, पण लगेच नाही म्हणाले नाही, घरी जाऊन रात्रभर विचार केला. वकील नसलेल्या माणसाबरोबर फी वाटून घ्यायला नियमातच बंदी आहे, नुकसानभरपाईत टक्का ठरवून फी घ्यायला पण, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तर ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच दलालांची यादी करून ती प्रसिद्ध करायची तरतूद आलीय. पण नियमाइतकंच व्यवहाराचं पण आहे, एजंटने आणलेला पक्षकार हा एजंटचा असतो, तुमचा कधीच होत नाही. उद्या तो एजंट दुसऱ्या टेबलावर बसला की सगळा गोतावळा उठून तिकडे. दिवाळीला मिठाईचा बॉक्स देते, चहा पाजते, त्यापलीकडे नाही.

चार लोकांसमोर बोला

प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याला प्राधिकरण आहे, त्यांची गावोगाव कायदेविषयक शिबिरं होतात आणि त्यांना बोलणारे वकील कायम कमी पडतात कारण सिनियरांना वेळ नसतो. जाऊन नाव द्या. मोफत कायदेशीर मदतीच्या पॅनलवर यायला साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस बघतात, पण शिबिरात बोलायला कुणी अडवत नाही. मानधन किरकोळ, कधी नुसता नारळ.

बोलताना कलमं सांगू नका. मी पहिल्या शिबिरात हिंदू वारसा कायदा कलमवार सांगितला, वीस मिनिटांत पुढच्या रांगेतल्या आजी झोपल्या. आता मी एकच विषय घेते, वारस नोंद आणि वारस दाखला यात फरक काय. वडील गेले, तलाठ्याकडे वारस नोंद केली, सातबाऱ्यावर नावं लागली, लोकांना वाटतं झालं. मग बँकेत एफडी काढायला गेले आणि नॉमिनी नसला, रक्कम मोठी असली, की बँक म्हणते कोर्टाचा कागद आणा. का? तर सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, तिच्यावरून मालकी ठरत नाही आणि बँकेला तिचा उपयोग नाही, तिथे कोर्टाचा वारस दाखला, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, लागतो. एवढंच. पण प्रत्येक घरात कुणीतरी वारलेलं असतं आणि प्रत्येक घरात हा घोळ असतो, बोलून झाल्यावर लोक स्टेजपाशी गोळा होतात.

तिथे कार्डं वाटायची नाहीत. शिबिर सरकारी असतं, लोक मोफत सल्ल्याला आलेले असतात, त्यांना मी विधी सेवा समितीच्या ऑफिसला यायला सांगते. ज्याला माझ्याकडेच यायचं असतं तो मला शोधत येतो, तालुक्याचं गाव केवढंसं असतं.

व्हॉट्सॲप, लिंक्डइन वगैरे

यावर मी फार बोलणार नाही कारण माझं त्यात डोकं कमी. चालू केसबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, निकाल लागल्यावर पेढ्यांसोबत फोटो नाही, कोर्टरूममधून सेल्फी तर अजिबात नाही. कायदा समजावून सांगा, तो पण बरोबर सांगा. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले तेव्हा आमच्या एका ज्युनियरने जुनी कलमं आणि नवी कलमं अशी साधी तुलना करून बारच्या ग्रुपवर टाकली, ठाण्यातल्या हवालदारांपासून सिनियरांपर्यंत सगळ्यांनी ती प्रिंट काढून टेबलाला चिकटवली, खाली कोपऱ्यात त्याचं नाव. रिल्स काढून त्याला इतकं मिळालं नसतं.

लग्नात, बारशाला, एसटी स्टँडवर गाठणारे

"वकीलबाई, एक विचारायचं होतं." हातात ताट आहे, समोर जिलबी आहे. इथे बरेच जण एकतर कटकट म्हणून उडवून लावतात नाहीतर तिथेच अर्धा तास सल्ला देतात. दोन्ही चूक. पहिल्यात माणूस तुटतो, दुसऱ्यात अर्धवट ऐकून दिलेला सल्ला उलटतो आणि माणूस पण तुटतो.

मी एकच गोष्ट बघते, मुदत जातेय का. समजा म्हणाला, भावाचा चेक परत आलाय. मी विचारते बँकेचा मेमो कधी आला. तिथून ३० दिवसात नोटीस गेली पाहिजे, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, ते नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात केस. मेमोला २५ दिवस झाले असतील तर जिलबी ठेवते आणि सांगते उद्या सकाळी चेक, मेमो आणि व्यवहाराचे कागद घेऊन कुठल्याही वकिलाकडे जा, तुमचे ठरलेले वकील असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर मी दहाला ऑफिसला असते. मुदत नसेल तर फक्त म्हणते, कागद बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही दादा, ऑफिसला या. जो येतो त्याला काम आहे. जो येत नाही त्याला गप्पा मारायच्या होत्या.

आणि ऑफिसला आला की फी पहिल्याच भेटीत बोला. नात्यातला असेल तर आधी बोला. मी माझ्या आत्याच्या दिराचा वाटपाचा दावा सहा वर्षं 'बघू नंतर' वर चालवला, कोर्ट फी स्टॅम्प सुद्धा मी भरला, शेवटी त्यांनी ऐन पुराव्याला दुसरा वकील लावला आणि गावात सांगितलं की बाईंना वेळ नसतो. फी ठरवायची, कागदावर लिहायची, पावती द्यायची. ज्याने पैसे दिलेत तोच दुसऱ्याला अभिमानाने सांगतो की माझी वकील अमुक.

येत नाही ते काम दुसऱ्याला द्या

पहिल्या वर्षी सगळं घ्यावंसं वाटतं. जीएसटीचं आलं घ्या, पेटंटचं आलं घ्या. नका. ज्याला येतं त्याच्याकडे पाठवा, पाठवताना नुसता नंबर फेकू नका, स्वतः फोन करा, दोन ओळीत मॅटर सांगा, पक्षकाराला सांगा कुठले कागद न्यायचे. आणि आठवड्याने पक्षकाराला विचारा, भेट झाली का, बरं वाटलं का. काम दुसऱ्याकडे गेलं तरी माणूस तुमचाच राहतो, त्याच्या घरात पुढचं भांडण निघालं की आधी तुम्हालाच फोन येतो.

वहीचं काम

मी एक जाड रजिस्टर ठेवते, पोरं एक्सेलमध्ये करतात, काही फरक नाही. चार रकाने: नवीन पक्षकार कोण, त्याला कुणी पाठवलं, पाठवणाऱ्याला मी कधी कळवलं, मी त्याच्याकडे शेवटचं काय पाठवलं. कळवणं म्हणजे केसची माहिती नाही हं, पक्षकाराच्या परवानगीशिवाय त्यातलं काहीच बाहेर सांगायचं नाही, फक्त "काका, तुम्ही पाठवलेले आले होते, बघतेय त्यांचं" एवढंच. रविवारी सकाळी अर्धा तास बसून ती वही चाळते आणि तीन फोन करते. तीनच. कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाची मुलगी लॉला गेलेली असते, कामाचं बोलणं निघतं किंवा नाही निघत.

गेल्या वर्षी चाळताना दिसलं की मागच्या ४० पक्षकारांपैकी २३ वकिलांकडून आलेत, ९ जुन्या पक्षकारांकडून, ५ त्या दस्तवाल्या काकांकडून आणि ३ शिबिरातून. नातेवाईकांकडून शून्य. लग्नातल्या कार्डांकडून पण शून्य, त्यातली थोडी अजून माझ्या कपाटात आहेत, मागची बाजू कोरी असलेली, कुणाला तारखा लिहायला हवी असतील तर घेऊन जा.